न्यायासनाची लायकी

न्यायाधीशाच्या अंगी काय हवे, असा विषय निघाला की आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी एकच नाव घेत आली आहेत, ते रामशास्त्री प्रभुणे यांचे.

साताऱ्याजवळील माहुली हे त्यांचे गाव. विद्येचा फारसा गंध नसलेला हा मुलगा साताऱ्यास अनगळ सावकारांकडे शागिर्दी करीत असे. धन्याच्या पायांवर पाणी घालताना त्याची नजर धन्याच्या कानांतील भिकबाळीवर खिळली आणि त्यावरून त्याला बोचरा टोमणा ऐकावा लागला, अशी आख्यायिका आहे. तो शब्द जिव्हारी लागला आणि त्याने काशी गाठली. उशिरा तालमीस बसणाऱ्याला दुप्पट मेहनत पडते, हे आम्हां गाणे शिकविणाऱ्यांना ठाऊक आहे, शास्त्राभ्यासाचेही तसेच. तेथून धर्मशास्त्रात पारंगत होऊन ते परतले, १७५१ साली पेशव्यांच्या चाकरीत शिरले आणि १७५९ साली न्यायाधीश झाले.

विद्या ही पहिली लायकी. दुसरी निःस्पृहता. उद्याची बेगमीही घरात न ठेवणाऱ्या माणसाला लाच द्यायची तरी कशाची? धन्याचीही त्यांनी भीड धरली नाही. थोरले माधवराव जपतपात रमू लागले, तेव्हा अनुष्ठाने करायची तर काशीस जावे, राज्य करायचे तर रयतेकडे पाहावे, असे त्यांनी बजावले. आणि माधवरावांनी ते ऐकले.

तिसऱ्या लायकीची कसोटी १७७३ साली लागली. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि गादी चुलते रघुनाथराव यांच्याकडे आली. शास्त्रीबुवांनी चौकशी चालविली, तिचा धागा खुद्द नव्या पेशव्यांपर्यंत पोचला. रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारले. शास्त्रीबुवांनी देहान्त सांगितले. फौज आणि खजिना रघुनाथरावांच्या हाती, शास्त्रीबुवांच्या हाती केवळ पद. ते टाकून ते पुणे सोडून वाईजवळ जाऊन राहिले. पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांना मानाने परत बोलावले गेले. १७८९ साली ते वारले.

रघुनाथरावांना ती शिक्षा कधीच झाली नाही. पण निकाल फुकट गेला, असे कोण म्हणेल? अपराधी गादीवर असला तरी अपराधीच, हे साऱ्या राज्यास एका निःशस्त्र माणसाच्या तोंडून कळले. पद सोडण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच त्या पदावर बसावे.