ऑंजियरची मुंबई आणि नवापूरचा तांदूळ

मुंबईच्या जन्मकथेत जेराल्ड ऑंजियर याचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु न्यायालय, टांकसाळ, तटबंदी आणि व्यापारी पेठ यांचा संस्थापक म्हणून त्याचा जो गौरव होतो, त्यात त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत बिकट प्रश्नाचा उल्लेख सहसा येत नाही. तो प्रश्न अन्नाचा होता. बेटावर वसविलेल्या वसाहतीला रोजचे धान्य आणि सरपण कोठून, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या दराने मिळणार, ही विवंचना त्याला अखेरपर्यंत सुटली नाही. सुरतेच्या जुन्या हमरस्त्यावरील नवापुरात बसून ही कारकीर्द वाचणाऱ्याला तिचा अर्थ थोडा निराळा दिसतो.

आयर्लंडमधील एका सरदार घराण्याशी नाते असलेला हा तरुण 1662 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीत आला. पोर्तुगालकडून विवाहसंबंधातून मिळालेले मुंबई बेट इंग्लंडच्या राजाने 1668 मध्ये वर्षाला अवघ्या 10 पौंड खंडाने कंपनीच्या हवाली केले. पुढच्याच वर्षी सर जॉर्ज ऑक्झेंडनचे निधन झाले आणि सुरतेचे अध्यक्षपद व मुंबईचे गव्हर्नरपद ही दोन्ही ऑंजियरकडे आली. सुरतेत इंग्रजांचे अस्तित्व मुघल सुभ्याच्या मर्जीवर अवलंबून होते. शिवाजी महाराजांच्या 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्यांनी त्या शहराची असुरक्षितताही उघड केली होती. स्वतःच्या मालकीचे बंदर हाच यावर उपाय, हे ओळखून ऑंजियर 1672 मध्ये मुंबईत आला आणि सुमारे तीन वर्षे तेथे राहिला.

बंदर मालकीचे होते, पण बंदराचे पोट मालकीचे नव्हते. मुंबईत नारळ होते, मीठ होते, मासळी होती; भातखाचरेही होती, परंतु वाढत्या वस्तीला ती पुरण्यासारखी नव्हती. धान्य व लाकूड कल्याण, पेण, नागोठणे या बाजूंनी येई. साष्टी, ठाणे आणि करंजा पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्याने खाडीतून येणाऱ्या मालावर ते जकात बसवीत. बेट इंग्रजांना देताना त्याच्या भोवतीचे पाणी कोणाचे, हे स्पष्ट न झाल्याने हा तंटा ऑंजियरला वारशानेच मिळाला. त्याने तक्रारी केल्या, वाटाघाटी केल्या. परंतु ठाण्याचा नाका त्याच्या हयातीत मोकळा झाला नाही.

दुसरा पेच याहूनही नाजूक होता. मुघलांचा आरमारप्रमुख जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा मागे. नकार द्यावा तर सुरतेतील व्यापारावर मुघलांचा रोष. होकार द्यावा तर समोरच्या किनाऱ्याचे स्वामी असलेल्या महाराजांचा रोष, आणि त्याबरोबर धान्याच्या होड्या बंद. 1673 च्या उत्तरार्धात सिद्दीच्या लोकांनी बंदरातून पेण-नागोठण्याच्या खाड्यांत शिरून तेथील गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा मुंबईला धान्य पुरविणारी शेतेच जळाली. ऑंजियरने तटस्थतेचे धोरण सोडले नाही. जून 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या प्रसंगी त्याने हेन्री ऑक्झेंडनला रायगडावर वकील म्हणून पाठविले आणि तह घडवून आणला. इतिहासकार या वकिलातीचे वर्णन राजकारण म्हणून करतात. तिच्यामागे मुंबईच्या चुलीचीही चिंता होती, हे विसरता कामा नये.

घरातील तंटेही कमी नव्हते. जमिनीच्या मालकीचा पोर्तुगीज काळापासूनचा वाद त्याने 1672 च्या करारनाम्याने मिटविला. बेटावरील जमीनदारांनी वर्षाला 20,000 झेराफिन एकत्रित द्यावे आणि कंपनीने त्यांच्या वहिवाटीला हात लावू नये, असे ठरले. 1674 मध्ये पगार आणि मुदतीनंतरची सुटका या मागण्यांसाठी सैनिकांनी बंड केले. ऑंजियरने मागण्या बऱ्याच अंशी मान्य केल्या. परंतु एका म्होरक्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या कारकीर्दीवरचा हा डाग पुसता येत नाही. इकडे लंडनचे संचालक तटबंदीच्या प्रत्येक खर्चाबद्दल नाराजी कळवीत होते. दूर बसलेल्या हिशेबनिसांना वसाहतीचा नफा हवा होता. तिची उपासमार त्यांच्या वहीत दिसत नव्हती.

निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना त्याने आपापल्या पंचायती आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले. दीवच्या निमा पारेखला 1677 मध्ये दिलेली हमी याच धोरणाची. त्याच वर्षी 30 जूनला, प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत, ऑंजियर सुरतेत मरण पावला आणि तेथेच त्याचे दफन झाले.

आता नवापूरकडे वळू. त्याच काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणाऱ्या मार्गावर रंगावलीकाठचे हे गाव लागे. फ्रेंच जवाहिर ताव्हर्निये याने येथील तांदळाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. बारीक दाण्याचा, शिजल्यावर शुभ्र आणि कस्तुरीसारखा दरवळणारा हा तांदूळ उमराव आवडीने खात. इराणात कोणाला भेट न्यायची तर याच तांदळाची गोण नेत. गव्हर्नर बंदरातील अन्नासाठी झगडत असताना अन्न पिकविणारा प्रदेश असा नांदता होता. मात्र तो तांदूळ पिकविणाऱ्या एकाही शेतकऱ्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही.

ही विस्मृती सतराव्या शतकापुरती राहिली असती, तर ती इतिहासाची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण फेब्रुवारी 2006 मध्ये बर्ड फ्लूमुळे येथील लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, तेव्हाच मोठ्या शहरांतील अनेकांना आपल्या ताटाचा आणि नवापूरचा संबंध कळला. साथ ओसरली आणि संबंधही विसरला गेला. ज्या मुलखातून भेट म्हणून तांदूळ परदेशी जात असे, त्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव आज कुपोषणाच्या चर्चेत वारंवार येते, यापेक्षा कटू विरोधाभास कोणता?

ऑंजियरला एक गोष्ट परिस्थितीनेच शिकविली होती. शहर आपल्या तटबंदीवर जगत नाही. ते तटाबाहेरच्या शेतकऱ्यावर जगते, आणि त्याच्या सुखदुःखाशी शहराला तह करावाच लागतो. परक्या व्यापारी कंपनीच्या गव्हर्नराला गरजेपोटी जे उमगले, ते लोकांनीच निवडलेल्या शासनाला कर्तव्यबुद्धीने उमगावयास हवे. आज मुंबईच्या वाटेवर पोर्तुगीजांचा जकात नाका नाही, सिद्दीचे आरमारही नाही. तरीही नवापूरच्या पाड्यावरील मुलाच्या ताटात पुरेसे अन्न पोहोचत नसेल, तर अडथळा कोठे आहे, याचा शोध राजधानीने स्वतःच्याच दप्तरात घेतला पाहिजे.