आपल्या जिल्ह्याचे कवी : संत चोखामेळा

मला कविता करायला फार आवडते. पण माझ्या कवितेत नेहमी परी नाहीतर समुद्र यायचा. समुद्र तर मी अजून पाहिलेलाच नाही! मग गुरुजींनी वर्गात संत चोखामेळा यांचं चरित्र सांगितलं. तेच आज मी तुम्हांला सांगते.

देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानतात. म्हणजे ते आपल्या बुलडाणा जिल्ह्याचेच. पुढे ते मंगळवेढ्याला राहत. ही गोष्ट सुमारे सातशे वर्षांपूर्वीची. चोखोबा महार जातीचे होते. त्या काळी त्यांना अस्पृश्य मानत. गावाची कष्टाची कामं त्यांनी करायची आणि वर लोकांनी त्यांचाच विटाळ धरायचा! विठ्ठलावर त्यांचा फार जीव. पण देवळात जायची बंदी. दर्शन बाहेरूनच घ्यावं लागे.

चोखोबा गप्प बसले नाहीत. संत नामदेवांना गुरू मानून त्यांनी अभंग रचले. आपलं दुःख लपवलं नाही. एका अभंगात त्यांनी उसाचा दाखला दिला आहे. ऊस दिसायला कसाही असला तरी गोडच. तसंच माणसाचं मोल वरवर पाहून करू नये, हा त्याचा अर्थ.

त्यांचं सगळं घरच कवींचं होतं. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा हे सगळे अभंग रचत. सोयराबाईंनी विटाळ म्हणजे तरी काय, असा सवाल केला. कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला!

सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली. तिच्याखाली सापडून चोखोबा वारले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं सांगतात. पण ते देऊळ सर्वांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं. त्यासाठी साने गुरुजींनी उपोषण केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यांत एक चोखोबा आहेत.

हे ऐकलं आणि मी परीची कविता अर्धी सोडली. माझी माय कापूस वेचायला जाते. बोंडं टोचून तिची बोटं सोलतात. त्यावर मी कविता लिहिली. माय म्हणाली, पाहुणे येतील, असलं भिंतीवर कशाला लावतेस? मी तिला चोखोबांची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, लाव.

ती कविता शेजारीच लावली आहे. जरूर वाचा. आपल्या मातीतल्या या धीट कवीला माझे शतशः प्रणाम!