मुलांच्या बागेचा माळी

जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात ओबरवाइसबाख नावाचे खेडे आहे. तेथील धर्मोपदेशकाच्या घरी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रीड्रिख फ्रोबेल जन्मला. तो नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई वारली. वडिलांना कामातून सवड नसे आणि सावत्र आईला स्वतःचे मूल झाल्यावर या पोराचे कौतुक उरले नाही. घराभोवतीच्या बागेत, झाडाफुलांच्या सोबतीने, त्याचे बालपण एकाकी गेले.

तरुणपणी त्याने वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी केली. येना येथे शिकत असताना कर्जापायी नऊ आठवडे कोठडीही भोगली. १८०५ साली फ्रँकफुर्टच्या एका शाळेत तो शिक्षक झाला, तेव्हा कोठे त्याला आपली वाट सापडली. पुढे पेस्तालोझ्झी या थोर शिक्षकाच्या सहवासात तो दोन वर्षे राहिला. बर्लिनच्या संग्रहालयात स्फटिकांची मांडणी करताना त्यांच्या रेखीव आकारांनी त्याला मोहिनी घातली. १८१६ साली त्याने पुतण्यांना घेऊन स्वतःची शाळा काढली.

मुले शाळेत येतात, त्यापूर्वीच त्यांच्या मनाची बरीच घडण होऊन गेलेली असते, हे त्याच्या ध्यानी आले. म्हणून १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने अगदी लहान मुलांसाठी खेळ तयार करण्यास आरंभ केला. प्रथम लोकरीचे सहा रंगीत चेंडू. मग लाकडी गोल, दंडगोल व घन. नंतर आठ लहान ठोकळ्यांचा बनलेला एक मोठा ठोकळा. त्यांच्या जोडीला हस्तकामही होते. मुले कागदाच्या घड्या घालीत, रंगीत पट्ट्या ओवून चटई विणीत, ओल्या मातीचे आकार घडवीत. सर्वांत गमतीचे काम भिजवलेल्या वाटाण्यांचे! बारीक काड्यांची टोके वाटाण्यांत खोचली की कोपरे साधत आणि वाटाणे सुकले की काड्या घट्ट बसत. असे घर चार वर्षांचे मूलही उभारी. पुढे काही शाळांनी या कामांची नुसती कवायत केली. तो दोष सर्वस्वी त्याचा म्हणता येणार नाही.

या संस्थेला साजेसे नाव मात्र त्याला बरेच दिवस सुचेना. अखेर सोबत्यांसह डोंगरवाटेने जाताना ते एकाएकी सुचले. ते नाव किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. १८४० साली ते रूढ झाले. या बागेसाठी त्याने तरुण स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार केले. पिकल्या केसांचा हा गृहस्थ खेड्यातील पोरांबरोबर फेर धरून नाचतो, हे पाहून लोक त्याला वेडा म्हणत. त्याने तिकडे लक्ष दिले नाही.

परंतु ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. त्याचा पुतण्या कार्ल याने लिहिलेली एक पुस्तिका सरकारला धर्मविरोधी वाटली होती आणि आडनाव एकच असल्याने घोटाळा झाला. फ्रोबेलने खुलासा पाठवला, अर्ज केले. हुकूम फिरला नाही. २१ जून १८५२ रोजी त्याचे निधन झाले. बंदी उठली ती १८६० साली.

श्वाइना गावी त्याची समाधी आहे. तिच्यावर दगडी घन, त्यावर दंडगोल आणि सर्वांत वर गोल, अशी त्याचीच खेळणी रचलेली आहेत.