शरीराला ‘परकं’ आपलंसं करायला शिकवणारा शास्त्रज्ञ

किडनी बदलली की पेशंट सुटला, असं तुम्हाला वाटतं? तसं नसतं. आपल्याच संरक्षक पेशी नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. त्यांना आवरायला पेशंटला सहसा जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यामुळे जंतूंशी लढायची ताकदही कमी होते. पण या पेशींची समजूतच काढता आली तर? ते शक्य आहे, हे पीटर मेडावार यांनी दाखवून दिलं.

मेडावार यांचा जन्म १९१५चा, ब्राझीलमधला. वडील मूळचे लेबनॉनचे, आई ब्रिटिश. ऑक्सफर्डला ते प्राणिशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या घराजवळच विमान कोसळलं आणि एक हवाई सैनिक भयंकर भाजला. दुसऱ्याची कातडी अशा माणसाला का चालत नाही, हा प्रश्न मग त्यांनी सोडलाच नाही. ग्लासगोला सर्जन थॉमस गिब्सन यांच्यासोबत काम करताना त्यांना दिसलं, की त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर गळून पडते. म्हणजे शरीर चक्क डूख धरतं!

पुढे जुळ्या वासरांमधली एकसारखी जोडी कोणती, हे कातडी लावून ओळखायचं ठरलं. बेत फसला, कारण वेगळ्या जुळ्यांनीही एकमेकांची कातडी स्वीकारली. गर्भातच त्यांच्या रक्ताची देवाणघेवाण झालेली असते ना! हाच धागा पकडून मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदराच्या गर्भातल्या पिल्लांना दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या पिल्लांवर त्याच जातीची कातडी लावली, तर ती टिकली! हे साल होतं १९५३. १९६०मध्ये मेडावार यांना बर्नेट यांच्यासोबत नोबेल मिळालं.

१९६९मध्ये, वयाच्या ५४व्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरी ते थांबले नाहीत. तुमच्यासारख्या तरुण संशोधकांसाठीचं त्यांचं पुस्तक त्यानंतरचंच, १९७९चं. १९८७मध्ये ते गेले.

उंदरांवरचा तो प्रयोग जसाच्या तसा माणसावर करता येत नाही. म्हणून आज संशोधक पेशंटच्याच रक्तातल्या, हल्ला आवरणाऱ्या ‘नियामक टी पेशी’ लॅबमध्ये वाढवून त्याला परत देऊन बघताहेत. या पेशींच्या शोधाला २०२५चं नोबेल मिळालं. किडनी आणि लिव्हरच्या पेशंटवर चाचण्या सुरू आहेत. त्या यशस्वी झाल्या, तर जन्मभराच्या गोळ्या कमी होतील, कदाचित सुटतीलही. एखादा प्रयोग फसला म्हणून वही मिटण्याआधी तुम्ही ती वासरं जरूर आठवा.