रोझ व्हालाँ

रोझ व्हालाँ (जन्म : १ नोव्हेंबर १८९८, मृत्यू : १८ सप्टेंबर १९८०) या फ्रेंच कलाइतिहासकार, संग्रहालय-अधिकारी आणि फ्रेंच सैन्यातील कॅप्टन होत्या. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनीच्या ताब्यात असताना नाझींनी फ्रान्समधून लुटलेल्या कलावस्तूंच्या नोंदी त्यांनी चार वर्षे गुप्तपणे ठेवल्या. युद्ध संपत आल्यावर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी जर्मनी व ऑस्ट्रियातील किल्ले, मठ आणि खाणींमध्ये लपवलेला हा ऐवज शोधून काढला. त्या शोधमोहिमेला व्हालाँ यांच्या नोंदींचा मोठा आधार मिळाला. त्यानंतर सैन्याच्या गणवेशात त्या स्वतः जर्मनीत गेल्या आणि अनेक वर्षे हे काम करत राहिल्या.

== प्रारंभिक जीवन व शिक्षण ==

व्हालाँ यांचा जन्म फ्रान्सच्या आग्नेय भागातील इझेर विभागात सेंत-एत्येन-द-सें-झ्वार या लहान गावी झाला. त्यांचे वडील लोहारकाम करीत. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांचे शिक्षण शिष्यवृत्तीवर झाले. ग्रनोबल येथील अध्यापक विद्यालयातून त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले आणि नंतर ल्यों व पॅरिस येथील ललितकला महाविद्यालयांत चित्रकलेचे शिक्षण पूर्ण केले. पुढे पॅरिसमध्येच त्यांनी कलेच्या इतिहासाचा सखोल अभ्यास केला.

१९३२ मध्ये त्या पॅरिसच्या त्वीलरी उद्यानातील झ्यो द पोम या संग्रहालयात रुजू झाल्या. परदेशी समकालीन कलेसाठी असलेल्या या संग्रहालयात त्यांनी प्रदर्शनांची तयारी केली आणि सूची तयार केल्या. हे काम बिनपगारी होते. नियमित वेतन त्यांना १९४१ मध्ये, म्हणजे युद्धकाळातच सुरू झाले. १९३९ मध्ये युद्धाची चाहूल लागताच राष्ट्रीय संग्रहालयांतील कलावस्तू पॅरिसबाहेरील वाड्यांमध्ये हलवण्यात आल्या, त्या कामातही त्या सहभागी होत्या.

== झ्यो द पोमवर जर्मन ताबा ==

जून १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले. कलावस्तूंच्या लुटीचे काम नाझी विचारप्रणेता आल्फ्रेड रोझेनबर्ग याच्या नावाने स्थापन झालेल्या विशेष पथकाकडे सोपवण्यात आले. रोथशिल्ड, दाव्हिद-वेल, कान, झेलिगमान अशा ज्यू कुटुंबांचे आणि कलाव्यापाऱ्यांचे खासगी संग्रह हे या पथकाचे मुख्य लक्ष्य होते. जप्त केलेला माल ठेवण्यासाठी, त्याची वर्गवारी करण्यासाठी आणि तो पुढे रवाना करण्यासाठी पथकाने १९४० च्या शरद ऋतूत झ्यो द पोम ताब्यात घेतले.

फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांचे संचालक झाक झोझार यांनी इमारत देताना येणाऱ्या वस्तूंची एक समांतर फ्रेंच यादी करण्याची अट घातली होती. व्हालाँ यांनी ही यादी करण्यास सुरुवात केली, परंतु जर्मन अधिकाऱ्यांनी ती लगेचच बंद पाडली. झोझार यांच्या सूचनेनुसार व्हालाँ मात्र इमारतीतच राहिल्या. इमारतीची देखभाल आणि तिथे उरलेल्या फ्रेंच संग्रहाची व्यवस्था हे त्यांच्या उपस्थितीचे अधिकृत कारण होते. उघडपणे करू न दिलेली यादी त्या गुप्तपणे करू लागल्या.

संग्रहालयाची दालने पाहुण्यांसाठी सजवली जात. जर्मन हवाई दलाचा प्रमुख हेर्मान ग्योरिंग युद्धकाळात सुमारे वीस वेळा येथे आला आणि प्रत्येक वेळी त्याने स्वतःच्या संग्रहासाठी चित्रे निवडली. काही निवडक चित्रे हिटलरच्या ऑस्ट्रियातील लिंत्स येथील नियोजित संग्रहालयासाठी राखून ठेवली जात. एदुआर द रोथशिल्ड यांच्या संग्रहातील व्हर्मीअरचे 'खगोलशास्त्रज्ञ' हे चित्र त्यांपैकीच एक होते. नाझींनी अधोगत ठरवलेली आधुनिक चित्रे वेगळ्या खोलीत ठेवली जात आणि जुन्या चित्रकारांच्या कृती मिळवण्यासाठी व्यापाऱ्यांशी त्यांची अदलाबदल होई. अशा २८ अदलाबदली झाल्याची नोंद आहे. जुलै १९४४ पर्यंत रोझेनबर्ग पथकाने स्वतःच्या हिशेबानुसार २०३ संग्रहांतून २१,९०३ वस्तू जप्त केल्या होत्या.

== गुप्त नोंदी ==

व्हालाँ यांना जर्मन भाषा समजत असे, मात्र त्यांनी हे जर्मनांना कळू दिले नाही. अधिकाऱ्यांचे आपसांतील बोलणे त्या ऐकत. केराच्या टोपलीतील कागद आणि कार्बनच्या प्रती त्या वाचत. जर्मनांनी काढलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह रात्री बाहेर नेऊन, प्रती करून सकाळी पुन्हा जागेवर ठेवल्या जात. वाहनचालक, पहारेकरी आणि खोकी भरणारे कामगार यांच्याकडूनही त्या माहिती मिळवत. कोणती वस्तू कोणाच्या घरातून आली, ती कोणी निवडली, कोणत्या खोक्यात गेली आणि ते खोके कुठे पाठवले, अशा नोंदी करून त्या झोझार यांच्याकडे पोचवत.

यांतील शेवटची माहिती सर्वांत मोलाची ठरली. बव्हेरियातील नॉयश्वानश्टाइन किल्ला आणि बुक्सहाइम येथील मठ, तसेच ऑस्ट्रियातील कोग्ल ही पथकाची साठवणुकीची ठिकाणे असल्याचे त्यांच्या नोंदींतून स्पष्ट झाले.

हे काम जिवावर बेतणारे होते. संशयावरून त्यांना अनेक वेळा इमारतीबाहेर काढण्यात आले, पण प्रत्येक वेळी काही ना काही कारणाने त्या परत आल्या. १९४४ च्या सुरुवातीस ग्योरिंगचा प्रतिनिधी ब्रूनो लोझे याने त्यांना एका कागदावरील पत्ता वाचताना पकडले आणि अशा कृत्याबद्दल गोळी घातली जाऊ शकते, असे बजावले.

सर्वच वस्तू वाचवता आल्या नाहीत. जुलै १९४३ मध्ये ५०० ते ६०० आधुनिक चित्रे संग्रहालयाच्या आवारात जाळण्यात आल्याचे व्हालाँ यांनी नोंदवले आहे. त्यांत मासों, मिरो, क्ले, एर्न्स्ट, लेजे आणि पिकासो यांच्या कृतींचा समावेश होता, असे त्यांनी लिहिले आहे.

== रेल्वेगाडी क्रमांक ४०,०४४ ==

ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त सैन्य पॅरिसच्या दिशेने येत असताना झ्यो द पोममधील उरलेली चित्रे घाईघाईने जर्मनीला पाठवण्याची तयारी सुरू झाली. १ ऑगस्ट रोजी १४८ खोकी पॅरिसजवळील ओबेरव्हिलिए स्थानकावर पाच डब्यांत भरण्यात आली. त्यांत सेझान, गोगँ, मोदिल्यानी, ब्राक आणि पिकासो यांची चित्रे होती. गाडीच्या इतर डब्यांत ज्यू कुटुंबांच्या घरांतून उचललेले फर्निचर आणि संसाराचे सामान भरायचे होते. त्या भरणीला वेळ लागल्यामुळे गाडी स्थानकावरच अडकून पडली.

व्हालाँ यांनी गाडीचा आणि डब्यांचा तपशील झोझार यांना कळवला आणि त्यांनी तो प्रतिकार चळवळीतील रेल्वे कामगारांपर्यंत पोचवला. यांत्रिक बिघाड आणि वाहतुकीतील अडथळे यांची कारणे पुढे करून कामगारांनी गाडी आणखी रखडवली. अखेर पॅरिसपासून काही किलोमीटरवरील ओने येथे जनरल लक्लेर यांच्या दुसऱ्या चिलखती डिव्हिजनच्या तुकडीने ती २७ ऑगस्ट रोजी ताब्यात घेतली. या तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट अलेक्सांद्र रोझेनबर्ग करीत होते. त्यांचा नाझी रोझेनबर्गशी काही संबंध नव्हता. पॅरिसमधील नामवंत ज्यू कलाव्यापारी पॉल रोझेनबर्ग यांचे ते पुत्र होते. उघडलेल्या खोक्यांत वडिलांच्या घरी पाहिलेली चित्रे त्यांना आढळली.

पॅरिस मुक्त होत असताना व्हालाँ यांच्यावरही संशय घेण्यात आला. फ्रेंच संग्रहाचा काही भाग तळघरात सुरक्षित ठेवलेला असल्यामुळे ते उघडण्यास त्या तयार नव्हत्या. त्या जर्मनांना लपवत आहेत, असे समजून सैनिकांनी बंदुकीच्या धाकाने त्यांना तळघरात नेले. तिथे कोणीही सापडले नाही.

== लुटीचा शोध ==

नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रान्समध्ये कलावस्तू पुनर्प्राप्ती आयोग स्थापन झाला आणि व्हालाँ त्याच्या सचिव झाल्या. याच काळात अमेरिकी सैन्यातील लेफ्टनंट जेम्स रोरिमर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. रोरिमर हे न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील अभिरक्षक होते. युद्धकाळात स्मारके व कलावस्तूंच्या रक्षणासाठी दोस्त सैन्याने नेमलेल्या विभागात ते काम करीत. सुमारे ३५० स्त्री-पुरुषांचा हा विभाग पुढे 'मॉन्युमेंट्स मेन' या नावाने ओळखला गेला.

चार वर्षे जिवापाड जपलेली माहिती कोणाच्या हाती द्यावी, हा व्हालाँ यांच्यापुढील कठीण प्रश्न होता. ती चुकीच्या हाती पडली किंवा कार्यालयांमध्ये पडून राहिली, तर वस्तू पुन्हा दिसेनाशा होण्याचा धोका होता. रोरिमर यांची पारख केल्यानंतरच त्यांनी टप्प्याटप्प्याने माहिती उघड केली. रोरिमर यांची अमेरिकेच्या सातव्या सैन्याबरोबर जर्मनीत नेमणूक झाल्यावर त्यांनी साठवणुकीची ठिकाणे, छायाचित्रे आणि जबाबदार अधिकाऱ्यांची नावे त्यांच्या स्वाधीन केली आणि नॉयश्वानश्टाइनला प्राधान्य देण्यास सांगितले.

मे १९४५ च्या सुरुवातीस रोरिमर नॉयश्वानश्टाइन येथे पोचले. किल्ल्यात फ्रान्समधून आणलेल्या हजारो वस्तू होत्याच, शिवाय रोझेनबर्ग पथकाची कार्डे, छायाचित्रे आणि दप्तरही शाबूत होते. या दप्तरामुळे इतरत्र सापडणाऱ्या वस्तूंची ओळख पटवणे शक्य झाले. जवळच्याच भागात लोझे सापडला आणि त्याला अटक झाली. पुढे १९५० मध्ये पॅरिसच्या लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले.

ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील मिठाच्या खाणीत अमेरिकी सैनिकांना सुमारे ६,५०० चित्रांचा साठा मिळाला. स्थानिक नाझी प्रमुखाने खाण उद्ध्वस्त करण्यासाठी आत बॉम्बची खोकी ठेवली होती, परंतु खाणकामगारांनी ती आधीच बाहेर काढली होती. व्हर्मीअरचे 'खगोलशास्त्रज्ञ' याच खाणीतून परत मिळाले.

व्हालाँ यांना फ्रान्सच्या पहिल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा देण्यात आला आणि त्या जर्मनीला गेल्या. १९५३ पर्यंत त्यांचे बहुतांश काम तेथेच चालले. फ्रान्सच्या ताब्यातील विभागात बाडेन-बाडेन हे त्यांचे मुख्य ठाणे होते, मात्र अमेरिकी आणि सोव्हिएत विभागांतही त्यांनी वस्तूंचा माग काढला.

== परतीची प्रक्रिया ==

सापडलेल्या वस्तू थेट मालकांना दिल्या जात नसत. सैनिक त्या म्युनिकसारख्या ठिकाणच्या संकलन केंद्रांत आणत. तेथे मूळ देश निश्चित झाल्यावर वस्तू त्या देशाच्या सरकारकडे जात आणि मालकाचा शोध घेण्याची जबाबदारी त्या सरकारवर असे. रोझेनबर्ग पथकाने प्रत्येक वस्तूला मालकाच्या नावावरून सांकेतिक अक्षरे आणि क्रमांक दिले होते. रोथशिल्ड कुटुंबाच्या वस्तूंवर 'आर' हे अक्षर असे. लुटारूंचीच ही पद्धत परतीसाठी उपयोगी पडली. परंतु बऱ्याच वस्तूंवर 'अज्ञात' अशा अर्थाचा संकेत होता. सामान्य घरांतून उचललेल्या वस्तूंची नोंद अनेकदा नव्हतीच आणि त्यांच्यावर हक्क सांगणारी कित्येक कुटुंबे छळछावण्यांमध्ये संपली होती.

फ्रान्समधून सुमारे १,००,००० सांस्कृतिक वस्तू नेल्या गेल्याचा अंदाज आहे. त्यांपैकी ६१,००० हून अधिक परत आल्या आणि १९५० पर्यंत सुमारे ४५,००० वस्तू मालकांना किंवा वारसांना मिळाल्या. उरलेल्यांपैकी बहुतेक वस्तू सरकारने विकल्या, तर सुमारे २,००० निवडक वस्तू राष्ट्रीय संग्रहालयांच्या हवाली झाल्या. त्या राज्याच्या मालकीच्या मानल्या जात नाहीत. मालक सापडेपर्यंत संग्रहालये त्या केवळ सांभाळतात.

== उत्तरायुष्य ==

फ्रान्सला परतल्यानंतर व्हालाँ यांच्याकडे कलावस्तूंच्या संरक्षणाशी संबंधित सेवेची जबाबदारी आली आणि वीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांना अभिरक्षकाचे पद मिळाले. १९६१ मध्ये त्यांनी 'ल फ्राँ द लार' (कलेची आघाडी) हा युद्धकाळावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६८ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तरीही परतीच्या कामाची कागदपत्रे लावण्याचे काम त्यांनी सोडले नाही. त्या काळात फ्रान्समध्ये या विषयाकडे फारसे लक्ष दिले जात नव्हते.

त्यांच्या जीवनसाथी जॉइस हीअर यांचे १९७७ मध्ये निधन झाले. व्हालाँ यांचे १९८० मध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफन त्यांच्या जन्मगावी करण्यात आले.

== सन्मान व स्मृती ==

व्हालाँ यांना फ्रान्सचा लेजियों दॉनर आणि प्रतिकार चळवळीचे पदक, अमेरिकेचे मेडल ऑफ फ्रीडम (१९४८) आणि पश्चिम जर्मनीचा ऑर्डर ऑफ मेरिट (१९७२) हे सन्मान मिळाले.

त्यांच्या ग्रंथावर आधारित जॉन फ्रँकनहायमर दिग्दर्शित 'द ट्रेन' हा चित्रपट १९६४ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपटातील गाडीचा थरारक प्रवास काल्पनिक आहे, प्रत्यक्षातील गाडी पॅरिसच्या परिसराबाहेर गेलीच नाही. २०१४ च्या 'द मॉन्युमेंट्स मेन' या चित्रपटात केट ब्लँचेट यांनी साकारलेली व्यक्तिरेखा व्हालाँ यांच्यावर बेतलेली आहे.

२००५ मध्ये झ्यो द पोमच्या इमारतीवर त्यांच्या कार्याचा स्मृतिफलक लावण्यात आला. २०१८ मध्ये फ्रान्सच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. जन्मगावातील माध्यमिक शाळेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. मालकांच्या प्रतीक्षेत असलेल्या वस्तूंची फ्रान्स सरकारची सार्वजनिक सूचीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये लुटलेल्या मालमत्तेची नव्याने चौकशी सुरू झाल्यावर संशोधकांनी त्यांच्या टिपणांचा आणि कागदपत्रांचा पुन्हा अभ्यास केला. मालकांचे वारस शोधण्यासाठी ही कागदपत्रे आजही वापरली जातात.