बंदरात न मावलेली स्वप्ने

भारतीय वाचकाला ब्रिस्टल हे इंग्लंडमधील शहर ठाऊक असते ते बहुधा राजा राममोहन रॉय यांच्यामुळे. २७ सप्टेंबर १८३३ रोजी या शहरानजीकच्या स्टेपलटन येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी आपल्या नियोजित रेल्वेचा अभियंता म्हणून एका सव्वीस वर्षांच्या तरुणाची नेमणूक केली होती. इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल हे त्याचे नाव. पुढील पाव शतकात या माणसाने पूल, बोगदे, रेल्वेमार्ग आणि जहाजे यांच्या कल्पनाच बदलून टाकल्या. मात्र ज्या बंदराचे गतवैभव परत आणण्यासाठी त्याला पाचारण करण्यात आले होते, त्या बंदरात त्याची स्वप्ने मावली नाहीत. त्याची ही कहाणी जितकी यशाची, तितकीच एका शहराच्या हातून निसटलेल्या संधीचीही आहे.

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी पोर्ट्समथ येथे झाला. वडील मार्क ब्रुनेल हे मूळचे फ्रेंच. राज्यक्रांतीच्या धामधुमीत मायदेश सोडून ते आधी अमेरिकेत व नंतर इंग्लंडमध्ये आले. ब्रिटिश नौदलाला लागणाऱ्या लाकडी कप्प्या यंत्रांवर तयार करण्याची त्यांची पद्धत औद्योगिक इतिहासात प्रसिद्ध आहे. बुद्धी अफाट, पण व्यवहार कच्चा, असा हा गृहस्थ. १८२१ मध्ये कर्जापायी त्यांना तुरुंगात जावे लागले. मुलगा तेव्हा फ्रान्समध्ये शिकत होता. गणित आणि रेखाटन यांचे शिक्षण त्याला तेथे मिळाले. घरची ही नामुष्कीही त्याच्या मनावर कोरली गेली असावी. मोठे काम करून नाव मिळवण्याची त्याची तहान पुढे कधीच शमली नाही.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या तळाखालून बोगदा खणण्याचे काम मार्क ब्रुनेल यांनी १८२५ मध्ये हाती घेतले. विसाव्या वर्षीच मुलगा त्या कामावरचा निवासी अभियंता झाला. १२ जानेवारी १८२८ रोजी नदीचे पाणी बोगद्यात घुसले. सहा कामगार बुडाले आणि ब्रुनेल जबर जखमी अवस्थेत वाचला. काम सात वर्षे ठप्प झाले. या सक्तीच्या विश्रांतीच्या काळातच त्याची ब्रिस्टलशी गाठ पडली.

ब्रिस्टल त्या वेळी आपल्या पूर्वपुण्याईवर जगणारे शहर होते. १४९७ मध्ये जॉन कॅबट याच बंदरातून निघून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला होता. अठराव्या शतकात लंडनच्या बरोबरीने मिरवणाऱ्या या शहराच्या श्रीमंतीला मात्र एक काळी बाजू होती. येथून निघणारी जहाजे पितळेची भांडी व इतर माल घेऊन पश्चिम आफ्रिकेला जात, तेथून गुलामांना कोंबून वेस्ट इंडिजला नेत आणि साखर, तंबाखू घेऊन परतत. दोन हजारांहून अधिक फेऱ्यांतून सुमारे पाच लाख माणसांची अशी वाहतूक या बंदराच्या जहाजांनी केली. या व्यापाराशी निगडित असलेल्या एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी याच बंदराच्या पाण्यात ढकलला, तेव्हा हा इतिहास पुन्हा जगासमोर आला. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने रद्द केली, तेव्हा मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. गुलामांना काहीच मिळाले नाही. ही भरपाई मिळालेले काही व्यापारी ब्रिस्टलच्या रेल्वेच्या प्रवर्तकांतही होते. ब्रुनेलच्या कर्तृत्वाचा विचार करताना त्यामागील भांडवलाचा हा उगम विसरता येत नाही.

तोवर लिव्हरपूलने ब्रिस्टलला केव्हाच मागे टाकले होते. त्याचे एक कारण भूगोलात होते. ब्रिस्टलचे बंदर समुद्रावर नाही. ते एव्हन या अरुंद, नागमोडी नदीतून सात-आठ मैल आत आहे. भरती-ओहोटीतील फरक चाळीस फुटांपर्यंत जातो. ओहोटीला जहाजे अक्षरशः चिखलात बसत. १८०९ मध्ये नदी अडवून, दरवाजे बसवून, पाण्याची पातळी कायम राखणारी गोदी बांधण्यात आली. पण तिच्यात गाळ साचू लागला आणि खर्च भरून काढण्यासाठी गोदी कंपनीने जहाजांवर जबर कर लादले. गाळ काढण्याचे उपाय सुचवण्याचे काम १८३२ मध्ये ब्रुनेलकडेच आले.

शहरात त्याचे नाव त्यापूर्वीच झाले होते. एव्हनच्या खोल दरीवर क्लिफ्टन येथे पूल बांधावा म्हणून एका मद्यव्यापाऱ्याने १७५४ मध्ये मृत्युपत्रात हजार पौंड ठेवले होते. त्या रकमेवर व्याज साचत गेले आणि १८२९ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक टॉमस टेलफर्ड यांनी सारेच आराखडे नाकारून स्वतःचा आराखडा पुढे केला. अखेर १८३१ मध्ये दुसऱ्या स्पर्धेत ब्रुनेलचा झुलता पूल निवडला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहरात भीषण दंगल उसळली आणि काम रखडले. १८३६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण १८४३ मध्ये पैसा संपला. दरीच्या दोन्ही काठांवर नुसते मनोरे उभे राहिले. पुलासाठी आणलेल्या साखळ्याही विकाव्या लागल्या.

रेल्वेच्या बाबतीत मात्र नशिबाने साथ दिली. सर्वांत स्वस्त मार्ग सुचवील त्याला काम, असा प्रवर्तकांचा विचार होता. ब्रुनेलने त्यास साफ नकार दिला. आपण सर्वांत उत्तम मार्ग आखू, स्वस्त नव्हे, अशी त्याची भूमिका होती. निसटत्या मताधिक्याने का होईना, त्याची निवड झाली. लंडन ते ब्रिस्टल हा ११८ मैलांचा ‘ग्रेट वेस्टर्न रेल्वे’चा मार्ग ३० जून १८४१ रोजी पूर्ण खुला झाला. वाटेतील बॉक्स येथील पावणेदोन मैलांहून लांब बोगद्यात सुमारे शंभर मजुरांनी प्राण गमावले. वेग आणि स्थैर्य यांसाठी ब्रुनेलने रुळांमधील अंतर सात फुटांहून किंचित अधिक ठेवले. इतरत्र ते चार फूट साडेआठ इंच होते. त्यामुळे दोन मार्गांच्या संगमावर माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा खटाटोप होऊ लागला. तांत्रिकदृष्ट्या सरस असलेला त्याचा रुंद मार्ग व्यवहारात हरला आणि १८९२ मध्ये कायमचा उखडला गेला. स्वतःचे काम सर्वोत्तम करताना भोवतालच्या जगाशी त्याचे जुळेल का, हा प्रश्न ब्रुनेलला फारसा पडत नसे. ब्रिस्टलच्या बंदरातही पुढे हेच घडले.

रेल्वे फार लांबीची होते आहे, अशी कुरकुर एका बैठकीत निघाली, तेव्हा ती न्यूयॉर्कपर्यंतच का नेऊ नये, असे ब्रुनेलने सुचवल्याचे सांगतात. इतरांनी हा विनोद समजला. ब्रुनेलने त्यातून जहाज कंपनी उभी केली. वाफेच्या जहाजाला अटलांटिक ओलांडण्याइतका कोळसा बरोबर नेताच येणार नाही, असे तेव्हाचे काही जाणकार मानत. ब्रुनेलचे गणित वेगळे होते. जहाजाची लांबी, रुंदी आणि खोली दुप्पट केली, तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. कोळशाला जागा मात्र आठपट मिळते. म्हणजे जहाज जितके मोठे, तितका लांबचा प्रवास सोपा. आधुनिक सागरी वाहतूक याच तत्त्वावर चालते.

या हिशेबाने बांधलेले ‘ग्रेट वेस्टर्न’ हे लाकडी जहाज १९ जुलै १८३७ रोजी ब्रिस्टलमध्ये पाण्यात उतरले. इंजिने बसवून लंडनहून परतताना त्यावर आग लागली. ती पाहण्यास धावलेला ब्रुनेल शिडीवरून खाली कोसळला आणि जायबंदी झाला. घाबरलेल्या प्रवाशांनी तिकिटे रद्द केली. ८ एप्रिल १८३८ रोजी निघालेल्या पहिल्या सफरीत अवघे सात प्रवासी होते. ‘सिरियस’ हे प्रतिस्पर्धी जहाज चार दिवस आधी आयर्लंडहून निघाले होते. ते एक दिवस अगोदर न्यूयॉर्कला पोहोचले खरे, पण त्याचा कोळसा जवळजवळ संपला होता. ‘ग्रेट वेस्टर्न’ पंधरा दिवसांत पोहोचले, तेव्हा त्यात सुमारे दोनशे टन कोळसा शिल्लक होता. ब्रुनेलचे गणित बरोबर ठरले.

ब्रिस्टलने या विजयाचे चीज केले नाही. जहाजाला बंदराबाहेर नदीच्या मुखाशीच नांगर टाकावा लागे. प्रवासी आणि माल लहान बोटींतून न्यावा लागे. गोदीची सोय न मिळताही गोदीचा कर मात्र भरावा लागे. सरकारचा टपालाचा मक्ता १८३९ मध्ये सॅम्युएल क्युनार्ड याने मिळवला आणि आपली जहाजे लिव्हरपूलहून सोडली. काही वर्षांतच ‘ग्रेट वेस्टर्न’ जहाजानेही लिव्हरपूलचा रस्ता धरला.

तरीही ब्रुनेल थांबला नाही. दुसरे जहाज ‘ग्रेट ब्रिटन’ त्याने लोखंडाचे केले, ३२२ फूट लांबीचे. बांधणी चालू असताना मळसूत्री पंख्यावर चालणारे एक छोटे जहाज ब्रिस्टलला आले. ते पाहून त्याने आधीचा आराखडा बदलला आणि बाजूच्या चाकांऐवजी पंखा बसवला. १९ जुलै १८४३ रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या उपस्थितीत जगातील सर्वांत मोठे जहाज पाण्यात आले. पण गोदीचे दरवाजे त्याला पुरेसे रुंद नव्हते. जवळपास सतरा महिने ते आपल्या जन्मस्थानीच अडकून पडले. अखेर डिसेंबर १८४४ मध्ये दरवाजाच्या भिंतीचे दगड काढून, भरतीच्या पाण्यावर ते कसेबसे बाहेर ओढण्यात आले. पहिल्या सफरीला तेही निघाले ते लिव्हरपूलहूनच. १८४६ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर ते वाळूत रुतले. ब्रुनेलने लाकडांच्या मोळ्यांचा बांध घालून लाटांपासून ते वाचवले. अकरा महिन्यांनी ते सुटलेही. पण कंपनी बुडाली.

दोष कोणाचा? गोदी कंपनीची आखूड दृष्टी तर होतीच. पण गोदीचे दरवाजे किती रुंद आहेत, हे ब्रुनेलला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? बंदर आपल्या जहाजासाठी बदलेल, असे त्याने गृहीत धरले. बंदर बदलले, पण उशिरा. समुद्रमुखावरील एव्हनमथची गोदी १८७७ मध्ये खुली झाली. दरम्यानची किंमत भागधारकांनी चुकवली.

यानंतर ब्रुनेलने जहाज बांधले ते लंडनमध्ये, थेम्सकाठी. वाटेत कोठेही कोळसा न घेता भारत आणि ऑस्ट्रेलिया गाठण्यासाठी ६९२ फूट लांबीच्या ‘ग्रेट ईस्टर्न’ची कल्पना त्याने मांडली. नोव्हेंबर १८५७ मध्ये ते पाण्यात ढकलण्याचा पहिला प्रयत्न फसला. जानेवारी १८५८ च्या अखेरीस ते तरंगले. प्रचंड साखळ्यांपुढे उंच टोपी घालून, तोंडात सिगार धरून उभा असलेला ब्रुनेल आपण छायाचित्रात पाहतो, तो याच काळातला. या जहाजाने त्याचा प्राण घेतला असे म्हटले तर ते फारसे चूक नाही. ५ सप्टेंबर १८५९ रोजी जहाजावरच त्याला पक्षाघाताचा झटका आला. चार दिवसांनी चाचणी सफरीत जहाजावर स्फोट होऊन काही कामगार दगावले. १५ सप्टेंबरला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ब्रुनेलचे निधन झाले.

पूर्वेकडील प्रवासी घेऊन ‘ग्रेट ईस्टर्न’ कधीच आले नाही. १८७० मध्ये ते मुंबई बंदरात आले, ते पोटात समुद्री तार घेऊन. मुंबई ते एडन ही तार त्यानेच समुद्रतळाशी घातली. ‘ग्रेट ब्रिटन’ही १८५७ च्या उठावाच्या वेळी सैन्य घेऊन मुंबईला आले होते. क्रिकेटप्रेमींसाठी आणखी एक गोष्ट: १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलेला पहिला इंग्लिश संघ याच जहाजाने गेला.

ब्रुनेलच्या मृत्यूनंतर त्याच्या समव्यवसायी अभियंत्यांनी क्लिफ्टनचा पूल त्याचे स्मारक म्हणून पुरा करायचे ठरवले. लंडनमधील त्याचाच एक पूल पाडला जात होता. त्याच्या साखळ्या येथे वापरण्यात आल्या. ८ डिसेंबर १८६४ रोजी पूल खुला झाला. ‘ग्रेट ब्रिटन’ मात्र दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर मालाचे कोठार म्हणून गंजत राहिले आणि १९३७ मध्ये तेथेच उथळ पाण्यात बुडवण्यात आले.

१९७० मध्ये तो सांगाडा उचलून तराफ्यावर चढवून ब्रिस्टलला आणण्यात आला. जुलैच्या एका दिवशी हजारो नागरिक एव्हनच्या दोन्ही काठांवर उभे होते. ब्रुनेलचे जहाज ब्रुनेलच्या पुलाखालून जात होते. जहाजाने बंदर सोडले तेव्हा तेथे नुसते मनोरे होते, त्यामुळे ही दोघांची पहिलीच भेट. १९ जुलै रोजी, पाण्यात उतरल्याला बरोबर १२७ वर्षे झाली त्या दिवशी, जहाज ज्या गोदीत जन्मले त्याच गोदीत शिरले. पाच वर्षांनी शहरातील गोद्या व्यापारी वाहतुकीला बंद झाल्या. आज त्या पाण्याकाठी हे जहाज संग्रहालय म्हणून उभे आहे आणि जगभरातून माणसे ते पाहायला येतात. ज्याला बाहेर जाऊ देण्याइतका रुंद दरवाजा या बंदराकडे नव्हता, त्याच्याच नावावर आता ते ओळखले जाते.