विश्लेषण : इंग्लिश फुटबॉलला वेळापत्रक देणारा कापड दुकानदार कोण होता?

वसमत : शनिवारी रात्री मोबाइलवर प्रीमियर लीगचे गोल पाहणारी मुले आता वसमतसारख्या गावांतही दिसतात. पण गुणतालिका कशी वाचायची, तळाचे संघ खाली का जातात, असे प्रश्न नव्या प्रेक्षकाला पडतात. त्यांची उत्तरे विल्यम मॅकग्रेगर या माणसाच्या आयुष्यात सापडतात.

कोण होते मॅकग्रेगर?

जन्म १८४६ चा, स्कॉटलंडमधील ब्रेको गावचा. १८७० च्या सुमारास ते बर्मिंगहॅमला आले आणि त्यांनी कापडाचे दुकान थाटले. ते स्वतः नामवंत खेळाडू नव्हते, पण खेळाचे वेड होते. १८७७ मध्ये ते अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या कारभारात आले. हाडाचे व्यापारी असल्याने हिशेब पक्का होता.

अडचण काय होती?

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूंना पगार देण्यास परवानगी मिळाली. पगार दर आठवड्याला द्यायचा, सामना मात्र नक्की नाही. एफए चषकाची लढत आली किंवा जास्त कमाईचा सामना मिळाला, की ठरलेला सामना रद्द व्हायचा. आठवडी बाजाराचा वारच ठरलेला नसेल, तर दुकानदार येणार नाही आणि गिऱ्हाईकही येणार नाही. क्लबांचे नेमके तेच झाले होते. असेच चालले असते तर अनेक क्लबांना टाळे लागले असते.

मग त्यांनी काय केले?

२ मार्च १८८८ रोजी मॅकग्रेगर यांनी काही प्रमुख क्लबांना पत्र लिहिले. मोजक्या क्लबांनी एकत्र यावे, प्रत्येकाने दुसऱ्याशी एकदा आपल्या आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळावे आणि तारखा आधीच ठरवाव्यात, अशी त्यांची कल्पना होती. एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या बैठकीत १२ क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली. मॅकग्रेगर पहिले अध्यक्ष झाले. ८ सप्टेंबर १८८८ रोजी सामने सुरू झाले. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण, हा नियम तर हंगाम सुरू झाल्यावर ठरला! प्रेस्टन नॉर्थ एंडने २२ पैकी एकही सामना न गमावता ४० गुणांसह पहिले विजेतेपद मिळवले. मॅकग्रेगर यांचा व्हिला २९ गुणांसह दुसरा राहिला.

आज काय बदलले?

गाभा तोच आहे. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली. आता तिथे २० क्लब असून प्रत्येकाचे ३८ सामने होतात : १९ घरी, १९ बाहेर. १९८१ पासून विजयाला तीन गुण मिळतात. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक पाहतात. अंतिम सामना नसतो. सर्वाधिक गुण मिळवणारा विजेता. बाद पद्धतीची एफए चषक स्पर्धा वेगळी असते.

तळाचे तीन क्लब चॅम्पियनशिप या खालच्या श्रेणीत जातात. तिथले पहिले दोन थेट वर येतात आणि आणखी एक प्लेऑफमधून येतो. त्यामुळे हंगामाच्या शेवटी तळाची लढतही तितकीच रंगते.

खाली जाणे इतके जिव्हारी का लागते?

खालच्या श्रेणीत प्रतिष्ठा आणि उत्पन्न दोन्ही घटते. पहिल्या बारांपैकी अ‍ॅक्रिंग्टन क्लबने १८९३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळण्याऐवजी लीगच सोडली. तीन वर्षांत तो क्लब बंद पडला. मॅकग्रेगर यांचा व्हिलाही यातून सुटला नाही. २०१६ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि २०१९ मध्ये परतला.

शेवट कसा झाला?

२० डिसेंबर १९११ रोजी बर्मिंगहॅममध्ये मॅकग्रेगर यांचे निधन झाले. तोपर्यंत व्हिलाने सहा वेळा लीग जिंकली होती. २००९ मध्ये व्हिला पार्क मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

सुरुवात कशी करावी?

एक क्लब निवडा आणि दर आठवड्याला गुणतालिका पाहा. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला, तर उन्हाळी वेळेत साडेसातला दिसतो. ती वेळ महिनोन्‌महिने आधी कळते, याचे श्रेय त्या कापड दुकानदाराचे.